७ किलो माणशी खरं, पण उचलणार कोण?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी मला समजला तसा मांडतो म्हणजे कुठे चुकत असेन तर सांगाल. तुम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचं बाळ आणि काठी घेऊन चालणाऱ्या सासूबाई, नणंदेच्या मुलीच्या लग्नाला इंदूरहून बंगलोर, पाच दिवस. तिकिटं निघालीत ती चेक-इन बॅग, म्हणजे काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणारी बॅग, नसलेल्या स्वस्त भाड्याची. आणि तुमच्या यजमानांचं म्हणणं असं की चार सीट म्हणजे सात चोक अठ्ठावीस किलो फुकटात जातंय, वरून पैसे देऊन बॅग कशाला घ्यायची. तुमचा प्रश्न, घरातली २२ इंची ट्रॉली केबिनमध्ये चालेल का आणि लग्नाचं सामान चार छोट्या बॅगांत कोंबायचं कसं. शिवाय सासूबाईंचे लाडू, ओटीचे नारळ आणि खोबऱ्याच्या वाट्या.

मी इंदुरातच तिकिटांचं आणि ग्रुप नेण्याआणण्याचं काम करतो, गिऱ्हाईक बहुतेक आपलीच, रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगरची मंडळी, त्यामुळे हे अठ्ठावीस किलोचं गणित मी आमच्या काउंटरवर नेहमीच ऐकतो. कागदावर ते बरोबरच आहे. फक्त ते तिकिटं मोजून केलेलं आहे, आणि केबिनचं सामान तिकिटांवर नाही, मोकळ्या हातांवर मोजायचं असतं. तुमचा खरा प्रश्न ट्रॉली बसेल का हा नाहीच, चार बॅगा कोण उचलणार हा आहे.

आता मोजा. गाडीतून उतरायचं, गेटवर तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचं, आत सिक्युरिटीला फोन, पर्स, बेल्ट, बॅगा सगळं ट्रेमध्ये टाकायचं आणि पलीकडून परत गोळा करायचं, मग बोर्डिंगची रांग, मग एरोब्रिज, म्हणजे थेट विमानाच्या दाराला लागणारा पूल, मिळाला तर ठीक नाहीतर बस आणि शिडी, आणि सगळ्यात शेवटी ती बॅग डोक्याच्या वर उचलून खणात सरकवायची, मागे पन्नास लोक उभे असताना. बंगलोरला हेच सगळं उलट्या क्रमाने. आता तुमची माणसं बघा. तुमच्या कडेवर बाळ, म्हणजे तुमचा एक हात गेला, सिक्युरिटीला तर दोन्ही गेले. सासूबाईंचा एक हात काठीला आणि दुसरा कोणाच्या तरी हाताला. मुलगी फार तर शाळेचं दप्तर पाठीला लावेल, तेही गेटपर्यंत, नंतर तेही बाबांकडे येणार. राहिले यजमान एकटे. चार ट्रॉल्या त्यांनी ओढायच्या की काय! दोन ओढतील, तिसरी काखेत, आणि चौथी सासूबाईंना देतील आणि मग सासूबाईंना शिडी चढायला हात कोण देणार ते तुम्हीच सांगा.

आपल्याकडे ही सवय रेल्वेची आहे. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाताना थर्ड एसीत माणशी ४० किलो फुकट चालतं, स्टेशनवर हमाल असतो, सामान बर्थखाली गेलं की सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. त्यामुळे आपण छोटी-छोटी पाच-सहा नगं करतो, एक झोला, एक डब्याची थैली, एक पाण्याची, एक चादरीची. विमानाला ही पद्धत उलटी पडते. विमानात नगांची संख्या कमी करायची, तीही आधी ज्याच्या हातात देणार त्याला विचारून.

म्हणून माझं सरळ मत, एक १५ किलोची चेक-इन बॅग विकत घ्या. आत्ता, ऑनलाइन, विमानतळावर पोचायच्या आधी. आधी घेतलेली बॅग ही काउंटरवर भराव्या लागणाऱ्या जादा वजनापेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडते, आणि चौघांसाठी घ्यायची गरज नाही, तिकिटं एकाच पीएनआरवर असतील तर एकाच प्रवाशाच्या नावावर लावा, बस झालं. येतानाचीही वेगळी लावावी लागते बरं का, जातानाची लावली म्हणजे येतानाची आपोआप येत नाही, आणि लग्नाहून येताना आहेर, साड्या, मिठाईचे डबे धरून सामान वाढलेलंच असतं, म्हणून एका बाजूचेच पैसे खर्च करायची तयारी असेल तर मी येतानाची घ्या म्हणेन आणि जाताना कसंतरी भागवा. पण तुमच्याकडे बाळ आणि सासूबाई दोघं असल्यामुळे दोन्ही बाजूंची घेतलेली बरी.

यजमानांना पटवायला एक हिशोब देतो, पैशाचा विचार करणाऱ्या माणसाला हिशोबच पटतो. बाजारात मिळणारी चार चाकांची कडक कवचाची केबिन ट्रॉली रिकामी असतानाच अडीच ते तीन किलोची असते. सातातून पावणेतीन गेले, राहिले सव्वाचार. अशा चार बॅगा म्हणजे अठ्ठावीसातले अकरा किलो नुसते प्लॅस्टिक, चाकं आणि हँडल. सामान जाणार सतराच किलो. आता माझी मांडणी बघा: चेक-इनला कापडी डफल, तिचं स्वतःचं वजन दीडेक किलो, म्हणजे सामान साडेतेरा. यजमानांच्या पाठीवर कापडी सॅक, त्यात सहा. तुमच्या खांद्याला बाळाची बॅग, त्यात चार-पाच. मुलीच्या दप्तरात दोन. बेरीज केली तर पंचवीसच्या पुढे जाते, आणि हातात उचलायचं त्यातलं निम्मंच. सासूबाईंकडे फक्त त्यांची पर्स. कोणाचेही दोन्ही हात अडकलेले नाहीत.

अजून एक, बंगलोरचं केंपेगौडा विमानतळ देवनहळ्ळीला आहे, शहरापासून तीसेक-पस्तीस किलोमीटर लांब, म्हणजे टॅक्सी लागणारच. पाच माणसं आणि चार ट्रॉल्या एका साध्या सेडान टॅक्सीत बसत नाहीत, करून बघा. मोठी गाडी घ्यावी लागली की तिकडे वाचवलेले पैसे इकडे गेले.

बरं, आता मापाकडे येतो. २२ इंची म्हणजे नक्की काय ते दुकानदाराच्या स्टिकरवरून कळत नाही, मोजपट्टी काढा आणि बॅग उभी करून जमिनीपासून मोजा, चाकं धरून, वरचं हँडल आत ढकलून पण त्याचा जो उंचवटा राहतो तो धरून. कंपन्यांचं माप असंच असतं, सगळं धरून. इंडिगो आणि आकासाचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे, एअर इंडियाचं ५५ × ४० × २०, बेरीज दोन्हीकडे ११५ पण जाडी वेगळी, हे लोकांच्या लक्षात येत नाही. एकीकडे चालणारी फुगीर बॅग दुसरीकडे पाच सेंटिमीटरने जास्त ठरू शकते. ५५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकवीस इंचाच्या किंचित वर. तुमची बॅग चाकांसकट २२ इंच असेल तर ती जेमतेम एका सेंटिमीटरने जास्त आहे, तेवढ्यासाठी सहसा कोणी अडवत नाही. पण २२ हे नुसत्या डब्याचं माप असेल आणि चाकं वेगळी, तर एकूण उंची ५८-६० ला जाते, आणि मग विमानतळावर बॅगेचं माप बघायला ठेवलेल्या लोखंडी चौकटीत ती अडकणारच.

हे २२ इंचाचं भूत आलं कुठून तर अमेरिकेतून. तिकडच्या मोठ्या कंपन्यांचं केबिन माप २२ × १४ × ९ इंच आहे आणि वजनाचा काटा ते बहुधा लावतच नाहीत. आपल्याकडे भाचा अमेरिकेहून येताना मामाला बॅग देऊन जातो आणि मामा म्हणतो केबिन लिहिलंय ना, झालं. सगळ्या जगाचं एकच माप करायचा प्रयत्न झाला होता, विमान कंपन्यांची जी संघटना आहे आयाटा, तिने जून २०१५ मध्ये ५५ × ३५ × २० असं माप सुचवलं होतं, पण ते चालू मापांपेक्षा लहान म्हणून उत्तर अमेरिकेत इतकी ओरड झाली की थोड्याच दिवसांत त्यांनी ते गुंडाळून ठेवलं. त्यामुळे अजूनही जितक्या कंपन्या तितकी मापं. कधी परदेशात दोन वेगळ्या कंपन्यांनी जोडून जायचं असेल तर दोघींपैकी जिचं माप आणि वजन कडक, तेच आपलं धरून चालायचं.

तरी मापापेक्षा वजनावर लोक जास्त अडकतात. आपल्याकडे इकॉनॉमीला ७ किलो हे जवळपास सगळीकडे सारखं आहे. त्याच्या बरोबर एक छोटी वस्तू, लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची बॅग, काही कंपन्या तिला वेगळे ३ किलो देतात, काही म्हणतात लॅपटॉप धरूनच सात. हे तुमच्या तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा, मी इथे बसून सांगू शकत नाही कारण तुम्ही कंपनी लिहिलेली नाही. एका माणसाला एक हँडबॅग हा नियम मात्र कंपनीचा नाही, तो सरकारी आहे, विमान सुरक्षा बघणाऱ्या बीसीएएसचा, म्हणून सिक्युरिटीवर तपासणाऱ्या सीआयएसएफच्या जवानाशी वाद घालून काही मिळत नाही. पण त्याच नियमात काही गोष्टी हँडबॅगेशिवाय वेगळ्या न्यायला परवानगी आहे आणि त्या तुमच्या कामाच्या आहेत: बायकांची पर्स, शाल किंवा पांघरूण, छत्री नाहीतर काठी, बाळ बरोबर असेल तर प्रवासात लागेल तेवढं त्याचं खाणंपिणं आणि त्याची टोपली. म्हणजे सासूबाईंची काठी नग म्हणून मोजली जात नाही, आणि तुमच्या बाळाची दुधाची थैली पण नाही.

बाळाचं थोडं नीट सांगतो कारण इथे गैरसमज फार. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर जातं, त्याला सीट नाही, आणि म्हणून त्याचा स्वतःचा चेक-इन कोटा बहुतेक ठिकाणी नाही. त्याचे सात धरून पस्तीस किलो असं कोणी सांगितलं तर कंपनीला विचारल्याशिवाय धरून चालू नका. मुलीचं तिकीट पूर्ण आहे, सीट आहे, तिला मोठ्या माणसाइतकाच हक्क. बाळाची बाबागाडी बहुतेक कंपन्या फुकट नेतात पण ती बॅगेज म्हणून जाते, काही ठिकाणी विमानाच्या दारापर्यंत वापरू देतात, काही ठिकाणी काउंटरवरच घेतात, आणि परत मिळते ती बऱ्याचदा थेट सामानाच्या पट्ट्यावर. दहा महिन्यांच्या बाळाला मी तरी म्हणेन गाडी घरी ठेवा आणि पोटाशी बांधायचा कॅरियर न्या, दोन्ही हात मोकळे. आणि बाळाचा जन्मदाखला किंवा आधार, वयाचा पुरावा म्हणून, प्रिंट किंवा फोनमध्ये, विसरू नका, काउंटरवर मागतात.

दूध, गरम पाण्याचा थर्मास, पेज, सेरेलॅक सगळं चालतं. सिक्युरिटीला थर्मास उघडून दाखवा किंवा एक घोट प्या म्हणतात, प्यायचा, त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही. देशातल्या देशात जाताना १०० मिलिलिटरवाला नियम परदेशी फ्लाइटसारखा कडक लावत नाहीत, पाण्याची बाटली जाते, पण शंका घ्यायचा हक्क तपासणाऱ्याचा असतो, म्हणून तेल, शाम्पू, लोशन वगैरे जे विमानात लागणार नाही ते चेक-इनमध्येच टाका. उगाच रांग अडवायची नाही, मागे लोक चिडतात.

आता भरायचं कसं. तुम्ही प्रत्येकाची वेगळी बॅग करायचं लिहिलंय, माझी, सासूबाईंची, मुलीची, असं. ते करू नका. चेक-इन बॅग कधीतरी उशिरा येते किंवा मागे राहते, रोज नाही होत पण लग्नाच्या आदल्या दिवशी झालं तर काय, म्हणून सामान माणसांप्रमाणे नाही, दिवसांप्रमाणे वाटा. पोचल्या दिवशीचं आणि मुख्य लग्नाच्या मुहूर्ताचं जे लागेल ते सगळ्यांचं यजमानांच्या सॅकमध्ये, म्हणजे तुमची लग्नातली साडी, सासूबाईंची, मुलीचा परकर-पोलका, यजमानांचा कुर्ता. बाकीचे दिवस, घरचे कपडे, चपला, टॉवेल, रात्रीचे कपडे, हे सगळं खाली पोटात गेलं तरी चालतं, ते हरवलं तर बंगलोरला विकत मिळतं. जरीची भारी पैठणी ब्लाऊज-परकरासकट किलोच्या आसपास जाते, त्यामुळे पाच दिवसांसाठी पाच भारी साड्या हा विचार सोडा. एक पैठणी आणि बाकी आपल्या महेश्वरी न्या, वजनाला अर्ध्यावर येतात, घडीलाही बारीक होतात, आणि दक्षिणेत सगळ्या कांजीवरममध्ये महेश्वरी उठून दिसते, हे आमच्या घरचं निरीक्षण आहे, माझं नाही.

दागिने चेक-इनमध्ये कधीही नाही. अंगावर जे घालता येईल ते अंगावर, बाकी तुमच्या पर्समध्ये, आणि पर्स बाळाच्या बॅगेत टाकायची नाही, ती वेगळी आडवी गळ्यात. मोठे सोन्याचे असतील तर बिलाचा फोटो फोनमध्ये असू द्या, कोणी विचारलंच तर.

आणि आता मुद्दा येतो ज्याच्यावर मी आमच्या ग्रुपचं सगळ्यात जास्त डोकं खातो. केबिन बॅग केबिनमध्येच जाईल याची खात्री नसते. लग्नसराईत, दिवाळीत, मेच्या सुट्टीत विमान भरलेलं असतं, खण भरून जातात, आणि शेवटी चढणाऱ्यांच्या ट्रॉल्या गेटवरच टॅग लावून खाली पाठवतात. बॅग मापात असली तरी. लहान एटीआर विमान असेल तर, इंदूरहून जवळच्या गावांना ती जातात, त्यांचे वरचे खण इतके छोटे की ट्रॉली शिडीपाशीच घेतात, बंगलोरला बहुधा मोठं विमान असतं पण येताना कुठे बदलायचं असेल तर बघून ठेवा. तर गेटवर बॅग मागितली की माणसं घाबरतात आणि तशीच देऊन टाकतात, आणि तिच्यात असतात पॉवर बँक, आईच्या बीपीच्या गोळ्या, दागिने, घराच्या किल्ल्या.

त्यासाठी एक आतली थैली करा. चेन असलेली, मध्यम, खांद्याला अडकवता येईल अशी कापडी, सॅकच्या तोंडाशी सगळ्यात वर. तिच्यात सगळ्यांची औषधं, पॉवर बँका, चार्जर, किल्ल्या, कागदपत्रं, चष्मे, बाळाचा एक जोड आणि दोन डायपर. बॅग मागितली की थैली काढली आणि बॅग दिली, दहा सेकंदांचं काम. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये न्यायला बंदीच आहे, आग लागली तर खाली पोटात विझवायला कोणी नसतं म्हणून, आणि वरती पण ती खणात न ठेवता आपल्याजवळच ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. तुमच्याकडे २०,००० एमएएचची असेल तर ती ७४ वॅट-तास होते, म्हणजे बिनधास्त. शंभर वॅट-तासांपेक्षा मोठी घरी. आणि तिच्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर तीही घरीच, न वाचता येणारी बॅटरी तपासणीत ठेवून घेतात, मग रडून काही होत नाही.

सासूबाईंना इन्सुलिन असेल, तुम्ही लिहिलं नाही पण त्या वयात असतं म्हणून विचारतो, तर तेही याच थैलीत, कधीही चेक-इनमध्ये नाही, खाली थंडीने खराब होतं. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर. आणि त्यांच्यासाठी व्हीलचेअर आत्ताच बुक करा, दोन दिवस आधी तरी. लाज वाटते म्हणून नको म्हणतात आपल्या बायका, पण काठीने बंगलोरचं विमानतळ पार करणं म्हणजे राजवाड्यापासून बडा गणपतीला पायी गेल्यासारखंच आहे. व्हीलचेअर घेतली की बहुतेक वेळा बरोबरचं एक माणूस त्याच वाटेने पुढे सोडतात, बाळ घेऊन तुम्ही तिच्याबरोबर जा, यजमान आणि मुलगी मागून.

सीटचं पण बघून घ्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईबाबांपैकी एकाजवळ सीट द्यायची असा विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएचा आदेश आहे, २०२४ चा, त्यामुळे मुलीसाठी घाबरून वेगळी सीट विकत घ्यायची गरज नाही, वेब चेक-इन करताना सीट लांब लांब पडल्या तर काउंटरवर सांगा. फक्त अगदी पहिल्या रांगेच्या आणि इमर्जन्सी दाराच्या सीट घेऊ नका. तिथे पायाशी काहीच ठेवू देत नाहीत, बाळाची बॅग पण वर जाते, आणि विमान वर चढत असताना दुधाची बाटली वर, बाळ खाली, असं होतं. शिवाय इमर्जन्सी दाराशी मूल असलेल्यांना बसवतच नाहीत. मधली कुठलीही रांग घ्या, बाळाची बॅग समोरच्या सीटखाली. म्हणून ती बॅग मऊ कापडाची पाहिजे, कडक डबा सीटखाली जात नाही.

वजन घरी करा. हुकाचा छोटा काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो, नसेल तर आंघोळीच्या खोलीतला काटा, आधी स्वतः उभे राहा, मग बॅग घेऊन, वजाबाकी. साडेसहावर थांबा, सातपर्यंत भरू नका, कारण विमानतळावर पाण्याची बाटली आणि मुलीचं स्वेटर त्यातच येतं. चेक-इनला साडेचौदा. जड बूट पायात, जाड जॅकेट अंगात, बंगलोरला संध्याकाळी तसंही लागतं. देशांतर्गत फ्लाइटला काउंटर बहुधा सुटायच्या एक तास आधी बंद होतं, बॅग द्यायची असेल तर ही वेळ महत्त्वाची, वेब चेक-इन केलंय म्हणून निवांत येणारे लोक इथेच फसतात. बाळ आणि व्हीलचेअर धरून तुम्ही दोन तास आधी देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर असा. आपलं विमानतळ छोटं आहे, आत पोहे-चहा करून बसा.

आता सासूबाईंचं खातं. लाडू चालतात, केबिनमध्येही आणि खालीही, पण स्टीलचा मोठा डबा नको. एक्स-रेमध्ये धातूच्या डब्याच्या आतलं नीट दिसत नाही, मग उघडायला लावतात आणि चार लोकांसमोर लाडू मोजतात. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा, यजमानांच्या सॅकमध्ये वरच्या बाजूला. चिवडा, शेव पण चालते. शेवेचं वजन काही नाही पण जागा फार खाते, आणि पाकीट हवेत फुगतं, म्हणून पाकिटाला सुईने बारीक भोक पाडून वरून दुसरी पिशवी, आणि इंदुरी माणसाने शेव नेऊ नये असं मी म्हटलं तर मला समाजातून काढतील, म्हणून न्या, अर्धा किलो न्या.

लोणचं आणि लाल तिखट केबिनमध्ये नाही, तिखट ही त्यांच्या लेखी डोळ्यात फेकायची वस्तू आहे. लोणचं, तूप खालच्या बॅगेत, झाकणाला टेप मारून, दोन पिशव्यांत, साड्यांपासून लांब. काडेपेटी आणि लायटर कुठेच नाही, कापूरही नाही, ज्वलनशील. पूजेच्या सामानाची पुडी सासूबाईंनी बांधली असेल तर ती त्यांच्यासमोरच एकदा उघडून बघा, तिच्यात कापूर आणि काड्या हमखास निघतात.

नारळाचं मात्र नीट समजून घ्या. शेंडीचा पाण्याचा नारळ केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना यात्रेच्या हंगामापुरती सूट दिली होती तेवढीच, त्यावरून कोणी सांगेल की आता चालतो, तर ती सूट आपल्याला नाही. ओटीचे नारळ चेक-इनमध्ये टॉवेलात गुंडाळून टाका. आणि खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्येही नाही! सुक्या खोबऱ्यात तेल असतं, तापलं तर पेटतं, म्हणून बीसीएएसने २०२२ मध्ये ते चेक-इनमध्ये न्यायला बंदी केली आहे, आणि केबिनमध्येही ते चालत नाही. सासूबाईंना पटणार नाही, म्हणतील आयुष्यभर नेतेय, रेल्वेने नेत होत्या. चिवड्यातले खोबऱ्याचे काप कोणी वेचत बसत नाही, ते सोडा. वाट्यांची मात्र बंगलोरला नणंदेला सांगून आधीच सोय करा, तिकडे खोबऱ्याला तोटा नाही.

कंपनी कुठली आणि पाचही जण एकाच पीएनआरवर आहात का तेवढं लिहा. वेगवेगळ्या पीएनआरवर असाल तर बॅग कोणाच्या नावावर घ्यायची ते बदलेल, आणि बाळ तुमच्याच पीएनआरला जोडलेलं आहे ना ते आधी तपासा.